जिलबीचा केसपेपर

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
८ सप्टेंबर २०२५

ती. सुलेखाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणं पत्र लिहायला बसलोय. तीस किलोमीटरवरच्या बहिणीला पाकीट चिकटवून लिहिणारा आता अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असेन. पण तू वेरूळच्या पोस्टात जन्म काढलास, आणि फोनवर मी तुला बोलूच देत नाही असा तुझा आरोप. आता बोल हवं तेवढं, मधे कुणी येत नाही.

करुणा वनरक्षकाच्या ट्रेनिंगला गेली. सहा महिने विदर्भात, मोबाइल जमा, रविवारी दहा मिनिटं फोन. जाताना म्हाताऱ्या बापाच्या सोबतीला काय ठेवलं असेल तर साप. नाव जिलबी. मक्याचा साप म्हणतात, परदेशी जात, विषबिष काही नाही, सरकारी नोंदणीचा कागदसुद्धा आहे. पाच महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, रंगानं जिलबीसारखी आणि बसतेही तशीच. मैत्रीण परदेशी शिकायला गेली तिनं करुणाच्या गळ्यात मारली, करुणानं माझ्या. वर चार पानी सूचनावही दिली आणि बजावलं की बाबा, डॉक्टरकी करू नका, नुसतं सांभाळा. चौतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात घालवलेल्या माणसाला हे सांगायचं. कन्नड तालुक्यातली निम्मी गुरं माझ्या हातची सुई खाऊन मोठी झाली, आणि मला पेन्सिल सांभाळता येणार नाही. वही मी अत्यंत आदरानं कपाटात ठेवलीय.

पहिल्याच दिवशी केसपेपर काढला. नोंदी अशा: चारा नऊ दिवस बंद. शेण एकदाच, तेही पांढरट. दिवसभर पेटीतल्या करवंटीखाली लपून. कातडी निस्तेज. आणि कालपासून दोन्ही डोळ्यांत निळसर फूल पडलंय. माझं निदान, जीवनसत्त्वाची कमतरता, पोर आंधळी व्हायच्या मार्गावर. डोळ्यांत घालायचं मलम आणलंय.

शेजारच्या द्वारकाबाई माझा डबा करतात. त्यांचा वर्षावास चालू, घरात अंडंसुद्धा चालत नाही. परवा त्यांनी माझ्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा उघडला आणि जिलबीचं खाणं, म्हणजे गोठवलेली उंदराची पिल्लं, कोळंबी समजून पाण्यात काढली. तेव्हापासून डबा उंबऱ्याबाहेर ठेवून पळतात.

करुणाला यातलं काही कळवलं नाही. रविवारी तिनं विचारलं, मी सांगितलं सगळं नॉर्मल. पण ताई, ती येईपर्यंत ही जगली पाहिजे. सहा वर्षांनी पोरगी आत्ता कुठं माझ्याशी धड बोलायला लागलीय. पहिल्यांदाच काहीतरी माझ्यावर सोपवून गेलीय, आणि तेच मेलं तर पुन्हा तोंड बंद.

लोभ आहेच, तो पोस्टाच्या भरवशावर कमी होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ,
राजेंद्र


वेरूळ
१३ सप्टेंबर २०२५

चि. राजेंद्र यास,
सप्रेम जयभीम. अनेक आशीर्वाद.

पत्र पाचव्या दिवशी पोचलं. माझ्या वेळी दुसऱ्या दिवशी पोचायचं, पण आता मी रिटायर झाले म्हणून पोस्टही सुस्तावलं असेल.

तुझं निदान मी तीनदा वाचलं. घरात करमणुकीला दुसरं काही नाय. मलम घातलं असशील तर आधी पुसून काढ. अरे शहाण्या, ती कात टाकतेय. बांधावर कात सापडली की आपण पोरं घरभर नाचवायचो, तू तेवढा पुस्तकात डोकं घालून बसायचास, त्याची फळं आता ती बिचारी भोगतेय. सापाला पापणी नसते. कात डोळ्यावरूनही निघते, म्हणून आधी डोळा दुधाळ होतो. दिसत नाय म्हणून लपते, अंग आवळतं म्हणून खात नाय. पांढरं दिसलं ते तिचं मूत. आजारी कुणी नाय, एक तू सोडून.

हे सगळं मी मनानं लिहीत नाय. आमच्या गल्लीतला कडूबा सर्पमित्र आहे, लेण्यांकडच्या कुठल्याही हॉटेलात साप निघाला की त्यालाच बोलावणं येतं. तो म्हणाला, पिल्लू साप आठ-दहा दिवस सहज उपाशी राहतं, दिवसभर लपतं, हात लावला की चावल्यासारखं करतं, शेपटी आपटतं, हे सगळं त्याच्या वयाला शोभतं. पाण्याचं भांडं ठेव. कात ओढून काढू नकोस. वही कपाटातून काढ, पोरीनं ती आरास करायला दिली नाय.

आणि करुणाला नॉर्मल नॉर्मल सांगत बसू नकोस. धडधाकट जिवाला तू आजारी ठरवलंस, यात मला नवल नाय वाटलं. याच्या उलटंही तुला जमतं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

रागावलास तरी पत्र टाक. माया कमी करू नकोस.
तुझी,
सुलेखाताई


गारखेडा
२४ सप्टेंबर २०२५

ती. सुलेखाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं आणि श्री. कडूबा यांचं अभिनंदन. जिलबीनं कात टाकली. डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून केसपेपरला टाचली. डोळे आता मण्यांसारखे. मलम एकदाच घातलं होतं, त्याचा गुण येऊन डोळे साफ झाले असंही म्हणता येईल, पण तू म्हणू देणार नाहीस.

कात पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं उंदराचं पिल्लू खाल्लं. कोमट पाण्यात सोडवून चिमट्यात धरलं, झडप घातली आणि दहा मिनिटांत गट्टम. मला उगाच भरून आलं. सदतीस वासरं बाहेर काढली असतील मी आडवी आलेली, कधी असं झालं नव्हतं.

पण दुःखाची बातमी अशी की तिसऱ्या दिवशी सगळं उलटून टाकलं. वास असा की द्वारकाबाईंनी डबा जिन्यातच ठेवला. मी हलगर्जीपणा केला म्हणशील तर तसं काही नाही. खाल्ल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ तिला बाहेर काढून, हातावर आडवी धरून, बोटांनी पोट चाचपून गोळा कुठवर सरकलाय ते बघत होतो. केसपेपरवर सेंटिमीटरमध्ये नोंदी आहेत. एवढी काळजी करुणानंही घेतली नसती. तरी ओकली म्हणजे काहीतरी जुनाट दुखणं असावं. कृमी असतील. जंताचं औषध वासरांचं आहे माझ्याकडं, मात्रा कमी करून द्यावी का, ते कडूबांना विचार.

रविवारी करुणाचा फोन आला. खाल्लं का विचारलं. मी खाल्लं म्हणालो. खोटं नाही ते.

तुझा,
राजेंद्र


वेरूळ
२९ सप्टेंबर २०२५

चि. राजेंद्र यास,
सप्रेम जयभीम. आशीर्वाद.

सेंटिमीटरच्या नोंदी वाचून कडूबानं कपाळाला हात लावला. तू जेवून उठलास की कुणीतरी तुला दिवसातून दोनदा उलटा-पालटा करून पोट दाबत बसलं, तर तू काय करशील ते सांग. साप जेवला की दोन दिवस त्याला हातसुद्धा लावायचा नसतो. ती आजारी नव्हती, तूच तिला ओकवलंस.

आता कडूबाचं औषध: दहा-बारा दिवस काहीही खायला देऊ नकोस, हात लावू नकोस, उबेची जागा हलवू नकोस. नंतर लहानात लहान पिल्लू द्यायचं. एकदा ओकली तर धीर धर, पुन्हा ओकली तर सरळ डॉक्टर गाठ. वासराचं औषध दिलंस तर मी एसटीनं येऊन तुलाच पाजीन.

वर्षावास संपत आला, आमच्या विहारात खिरीची तयारी चालू आहे. तू येशील असं म्हणणार होते, पण तुझ्या दवाखान्यात ॲडमिट पेशंट आहे.

खाल्लं, खोटं नाय ते, हे वाक्य मला आवडलं नाय. पोरीला अर्धं सांगायची तुझी ही सवय जुनी आहे. नीट सांग.

तुझी,
सुलेखाताई


गारखेडा
१५ ऑक्टोबर २०२५

ती. सुलेखाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला आणि कडूबांना कळवायला अत्यंत आनंद होतो की पेशंट ठणठणीत आहे, आणि तेही कुणाच्या सल्ल्यानं नाही.

बारा दिवस हात लावला नाही. बोटं वळवळत होती, पण लावला नाही. वही मात्र काढली नाही, कारण मला आता गरजच उरली नाही. ऑक्टोबरचं ऊन तुला सांगायला नको, गच्चीवर पापड भाजतील. एवढ्या उन्हात करुणानं काचेच्या पेटीखाली गरम होणारी विजेची चटई लावून ठेवलेली. मी काढून टाकली. गोठ्यात आपण काय करतो, ओलं पोतं टाकतो. तसंच पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, सकाळी एकदा, दुपारी एकदा भिजवतो. आत कसं गारेगार.

परिणाम बघ. नाकपुड्यांवर दवासारखी ओल असते, बारीक बुडबुडासुद्धा येतो. निरोगी वासराची खूण हीच, नाकपुडी ओली असली की जनावराला ताप नाही, हे मी पहिल्या वर्षी शिकलो. लपायची सवय मोडली. मान वर करून आढ्याकडं बघत रुबाबात बसते, तास तास. मधून तोंड थोडं उघडं ठेवते, हसल्यासारखी. आणि गंमत म्हणजे बारीक शिट्टी वाजवते. आपल्याशी बोलते असं वाटतं. आठ तारखेला पिल्लू दिलं ते खाल्लं नाही, पण उपाशी राहणं त्याच्या वयाला शोभतं असं तुमच्याच तज्ज्ञांचं मत.

तर केसपेपरवर आज मी लाल शाईनं लिहिलं: प्रकृती उत्तम. रविवारी करुणाला तसंच सांगणार आहे. मोठ्या बहिणीनं धाकट्याला एकदा तरी शाबास म्हणावं, एवढीच अपेक्षा. लोभ वाढला तर हरकत नाही.

तुझा,
राजेंद्र


वेरूळ
१८ ऑक्टोबर २०२५, सकाळ

राजेंद्र,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाय, एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतेय. तुझा फोन सकाळपासून बंद लागतोय. मी फोन केलाय, यावरून काय ते समज.

नाक ओलं असणं म्हशीला चांगलं. सापाला नाय. तुझं पत्र कडूबाला वाचून दाखवलं, तो बुडबुड्यापाशी उठून उभा राहिला. नाकातनं बुडबुडे, तोंड उघडं, मान वर, शिट्टी, म्हणजे फुप्फुसात पाणी झालंय. ती हसत नाय, श्वास घेतेय. वर तू ऊब काढून घेतलीस आणि ओलं गोणपाट टाकलंस. साप स्वतःचं अंग स्वतः गरम करू शकत नाय. गोणपाट फेकून दे, चटई लाव. उशीच्या अभ्र्यात घाल, गाठ मार, आणि आत्ता निघ. उस्मानपुऱ्यात एक डॉक्टरीण आहे, कासवं-पोपट बघते, पत्ता कडूबानं मागं लिहिलाय.

आता दुसरं. हे मी सहा वर्षं बोलले नाय. निर्मला अकरा दिवस दवाखान्यात होती आणि करुणा लातूरला बारावीचे पेपर देत होती. रोज फोन करून पोर विचारायची आई कशी आहे, आणि तू रोज सांगायचास साधा ताप आहे, नॉर्मल आहे, पेपर नीट दे. शेवटचा पेपर देऊन ती घरी आली तेव्हा तिची आई जाऊन दोन दिवस झाले होते. मी तेव्हा तुझ्या बाजूनं गप्प बसले. ती माझी चूक.

उद्या तिचा फोन येईल. साप वाचेल न वाचेल, पण आज काय झालंय ते तिला उद्या कळलं पाहिजे. तू सांगितलं नायस तर मी सांगीन.

सुलेखा


गारखेडा
१९ ऑक्टोबर २०२५, रविवार

चि. करुणास,
जयभीम. आशीर्वाद.

सकाळी तुझा फोन आला तेव्हा तोंड उघडलं आणि दिवाळीची गर्दी फार आहे एवढंच बाहेर पडलं. म्हणून लिहितोय. कागदावर मला मधेच विषय बदलता येत नाही.

जिलबी आजारी आहे. फार आजारी आहे. फुप्फुसाला संसर्ग झालाय. तुझी चटई मी काढली आणि पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, गोठ्यावर टाकतात तसं. त्यानं झालं. नाक ओलं दिसलं तर निरोगी म्हणून खूश झालो. त्याआधी एकदा ओकली होती, तीही माझ्याच हातानं, मी पोट दाबून बघत होतो. फोनवर तुला खाल्लं म्हणून सांगितलं, ओकली ते सांगितलं नाही. तुझी वही काल पहिल्यांदा उघडली. दुसऱ्याच पानावर लाल अक्षरात लिहिलंयस, ऊब कधी बंद करायची नाही. तिसऱ्या पानावर आजाराच्या चार खुणा आहेत, चारही मी आत्याला कौतुकानं कळवल्या होत्या.

काल रिक्षानं उस्मानपुऱ्याला नेली. रिक्षावाल्यानं विचारलं अभ्र्यात काय आहे, मी जिलबी म्हणालो. तो म्हणाला गरम आहे का. मी म्हणालो तोच तर घोळ आहे.

डॉक्टरीण तुझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल. ती मला एका शब्दानंही लावून बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. दर तिसऱ्या दिवशी एक, अशा सात सुया आहेत. पहिली तिनं दिली, पुढच्या मी द्यायच्या. निम्मी आशा आहे म्हणाली, जास्त सांगणार नाही म्हणाली. चटई लावलीय, पेटीत थर्मामीटर ठेवलाय. आज सकाळी शिट्टी तशीच होती.

तुझ्या आईच्या वेळी मी हे केलं नाही. तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून गप्प बसलो असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं असं की तुला सांगितलं असतं तर मलाही ते खरं मानावं लागलं असतं. माझी हिंमत झाली नाही.

रागाव. फोन करू नकोस वाटलं तर नको करू.

तुझा,
बाबा


प्रशिक्षण केंद्र
२९ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

पत्र शनिवारी मिळालं. रविवारी मी मुद्दाम फोन केला नाही. माझ्या वाटणीची दहा मिनिटं सोलापूरच्या एका मुलीला दिली, ती तिच्या होणाऱ्या नवऱ्याशी भांडली आणि मी ते बाजूला बसून ऐकलं. बरं वाटलं.

मला राग आलाय आणि तो सुट्टीपर्यंत टिकेल. एक तर गोणपाट. बाबा, गोणपाट? साहेबांनी विचारलं घरी काय झालं, मी म्हणाले आजारपण आहे. कोणाचं विचारलं, तर जिलबी म्हणायची लाज वाटली, म्हणून धाकटी बहीण म्हणाले. आता अख्खी तुकडी तिची चौकशी करते. रोज कुणीतरी विचारतं सुई झाली का. मी हिशोबानं सांगते, परवा चौथी झाली, उद्या पाचवी.

हे लिहिताना लक्षात आलं की मला ते माहीत आहे. कितवी सुई झाली, हे मला माहीत आहे. आईच्या वेळी मला एवढंच हवं होतं. त्या अकरा दिवसांत मी जीवशास्त्राचा पेपर चांगला गेला म्हणून मैत्रिणींना आइस्क्रीम दिलं होतं. त्याच दिवशी तिला ऑक्सिजन लावला, हे मला नंतर मावशीकडून कळलं. त्यानंतर मी आइस्क्रीम खाल्लं नाही, हे तुम्हाला कधी दिसलंही नसेल.

सुई अंगाच्या पुढच्या एक तृतीयांश भागात, कडेनं, खवल्यांच्या मधून द्या. तुमच्या म्हशीच्या जोरानं नको. ती जगेल की नाही ते मला कळवा, आणि आता कधीही काहीही लिहिताना वाईट असेल ते आधी लिहा. चांगलं मी नंतर वाचीन.

आत्याला जयभीम सांगा.
करुणा


गारखेडा
१५ नोव्हेंबर २०२५

चि. करुणास,
जयभीम. आशीर्वाद.

वाईट आधी लिहा म्हणालीस, म्हणून लिहितो. पाचव्या सुईला माझा हात थरथरला आणि तिला टिपूसभर रक्त आलं. कन्नड तालुक्यात बैलांनी लाथा घातल्या तरी हा हात हलला नव्हता. मी तिथंच खाली बसून रडलो. द्वारकाबाईंनी दारातून पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा डबा आत आणून ठेवला. हे आत्याला कळवू नकोस, ती पाठ करून ठेवील.

दुसरं वाईट, डॉक्टरीण म्हणाली की फुप्फुस थोडं अधू राहील. थंडीत कायम जपावं लागेल.

आता चांगलं. शिट्टी बंद होऊन दोन आठवडे झाले. नाक कोरडं खडखडीत आहे आणि मला कोरड्या नाकाचा एवढा आनंद कधी होईल असं वाटलं नव्हतं. आठ तारखेला तिनं सगळ्यात लहान पिल्लू खाल्लं, आज सातवा दिवस, पोटात राहिलं. पुन्हा करवंटीखाली लपते, मी जवळ गेलो की शेपटी आपटते. मला ते फार आवडतं.

या पाकिटात आणखी सात पानं आहेत. तुझ्या आईला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासूनचे अकराही दिवस आहेत, केसपेपरवर लिहितात तसे, तारखेनिशी. डॉक्टर काय म्हणाले, ती काय जेवली, तुझा फोन यायचा तेव्हा ती जागी होती की नाही, आणि फोन माझ्या हातात दे, असं तिनं मला किती वेळा सांगितलं. सगळं वाईट आहे. घाई करू नकोस, रविवारी मोकळी असशील तेव्हा वाच, आणि वाटलं तर नंतर फोन कर. मी घरीच आहे.

तुझा,
बाबा